दुसऱ्या हाकेला ओ

माझी स्कूटर चोरीला गेली नव्हती. ती बँकेच्या दारात, मी लावली तिथेच उभी होती. मी मात्र बँकेतलं काम उरकून, वाटेत ओळखीच्या बाई भेटल्या म्हणून त्यांच्याशी गप्पा मारत चालत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी अंगणात स्कूटर दिसेना, तेव्हा पोलिसांत जाऊन रीतसर तक्रार दिली. घडलं ते एवढंच. सांगलीत निम्म्या गावानं हे कधी ना कधी केलेलं आहे. फक्त माणूस चाळिशीचा असला की त्याचा विनोद होतो आणि सत्तरीचा असला की आजार होतो.

माझी मुलगी केतकी पुण्याहून तडक आली. आल्याआल्या तिनं स्कूटरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि मला एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मी घड्याळ काढून दाखवलं, शंभरातून सात-सात वजा केले आणि आठवतील तेवढे प्राणी भराभर सांगितले. 'भराभर' जरा कमी पडलं. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. वयाला साजेसं आहे." केतकीनं त्यातला 'वय' हा एकच शब्द ऐकला. आठवड्याभरात पुण्यातली एक खोली माझ्यासाठी रंगवून तयार झाली. अक्षय तृतीयेला मी तिथे राहायला जायचं, सांगलीच्या घराला कुलूप लागायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं.

मी आयुष्यभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. मेंदू काय खातो हे पोरांना शिकवण्यातच माझे केस पांढरे झाले, तेव्हा इथेही दोन वाक्यं शिकवणारच. मेंदू वजनानं शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण जेवणात पाचवा वाटेकरी. त्याचं मुख्य अन्न साखर. वय वाढतं तसा तो साखर थोडी कमी घेतो, विशेषतः कपाळामागचा भाग, जो एका वेळी दोन कामं सांभाळतो. तरुणपणी तो सगळी साखर जाळून टाकत नाही, थोडी बाजूला काढून तिच्यावर नवं बांधकाम करतो. पुढे बांधकाम कमी होतं आणि डागडुजी उरते. पेशींतल्या चुली जरा मंद होतात. याला निरोगी म्हातारपण म्हणतात. आजार ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला झालेली नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

पण ऐकतो कोण. शेजारच्या काकू अक्रोड घेऊन आल्या, का तर ते मेंदूसारखे दिसतात. या हिशेबानं राजमा खाऊन मूत्रपिंडं सुधारायला हवीत. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी रोज सकाळी चमचाभर खोबरेल प्यायला सांगितलं. जो तो मला एखाद्या जुन्या मिक्सरसारखं वागवायला लागला, की चालतोय तोवर चालवा, पण नारळ नका घालू. मला भयंकर राग आला. त्याच सुमारास चंद्रपूरकडच्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा, शमीमचा फोन आला, "मोहाचं फूल पडून राह्यलं. येतं का?"

मी केतकीला म्हटलं, "आधी मी एकटी चंद्रपूर-गडचिरोलीकडे फिरून येते. मग पुण्याचं बघू."

"आणि हरवलीस तर?"

"हरवले, तर तुझं खरं. मुकाट्यानं येईन."

शब्द देऊन बसले, आणि निघाले.

सिंदेवाही

नागपूरपर्यंतची गाडी आणि पुढची बस यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फक्त कंडक्टरनं मला "आजी, नीट धरून बसा" म्हणून बजावलं आणि पुढच्याच वळणावर तो स्वतः एका गृहस्थांच्या मांडीत जाऊन बसला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

शमीम शेख ही माझी नागपूरच्या हॉस्टेलमधली खोलीतली सोबतीण. तिच्या घरचं सिंदेवाहीत बांगड्यांचं दुकान आहे. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि आता दुपारी भाच्यांच्या दुकानात गल्ल्यापाशी बसते. स्टँडवर छत्री उघडून उभी होती. मला बघून म्हणाली, "काऊन व वसू, इतकी वाळून गेली? तुह्या सांगलीत खायाले नाई भेटत का?"

तिच्याकडे पहिल्याच जेवणात आयते आणि मटणाचा रस्सा होता. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी. आमच्याकडे धिरडं हा आजारी माणसाचा किंवा घाईचा प्रकार. इथे ते पाहुण्यासाठी करतात, आणि चार खाल्ल्यावर का ते कळतं. आम्ही ज्वारीची माणसं, हे भाताचे लोक. तिथे भातावर संशोधन करणारं केंद्र आहे, त्याच्या बांधाबांधानं आम्ही संध्याकाळी फिरलो. चैत्रात खाचरं रिकामी होती, पण शमीम कुठल्या खाचरात कुठला तांदूळ होता ते सांगत होती. एका वाणाचं नाव तिला आठवेना. ती थांबली, छत्री टेकली, आणि शांत उभी राहिली.

"राहू दे ग," मी म्हटलं.

"काऊन राहू दे? येते ते. बस लेट झाली म्हून काय रद्द होते का?"

आम्ही वळून घराकडे निघालो, मशिदीपाशी आलो, आणि तिथे ती ते नाव मोठ्यांदा म्हणाली. रस्त्यावरच्या माणसानं चमकून बघितलं. शमीमला त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र माझ्या त्या प्राण्यांच्या यादीची आठवण झाली. मला त्या डॉक्टरांपुढे साळिंदर आठवलं नव्हतं. ते रिक्षात बसल्यावर आठवलं होतं आणि मी ते केतकीला सांगितलंही होतं. तिनं माझा हात थोपटला होता. तो थोपटलेला हात मला अजून सलतो.

मोहाखाली

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगलाकडेच्या एका गावात सुकराबाई मडावींकडे गेलो. या गोंड बाई. लग्नातल्या बांगड्यांपासून शमीमच्याच दुकानातल्या बांगड्या भरत आल्या, त्यामुळे दोघींची ओळख जुनी. सुकराबाई आमच्यापेक्षा वयानं मोठ्या, बारक्या, ताठ, आणि दात नसताना खर्रा खाणाऱ्या. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा खाल्ल्यानं डोकं चालतं, असं त्या ठामपणे म्हणाल्या. मी शास्त्र सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि नवीन पुडी सोडली.

अंगणभर मोहाची फुलं वाळत होती. तो वास ज्यानं घेतला नाही त्याला कसा सांगू? गूळ आणि ओली माती एका भांड्यात ठेवली तर थोडा जवळ येईल. रात्री जेवायला भात, अंबाडीची भाजी आणि तळ्यातली बारीक मासळी होती. शेवटी भाजलेली मोहफुलं तिळाबरोबर कुटून केलेला गोळा हातावर ठेवला. निव्वळ गोडवा. सुकराबाई म्हणाल्या की आता फूल पडतंय, पुढे पावसाच्या तोंडाशी याच झाडाची बी पडेल, तिला टोळी म्हणतात, तिचं तेल काढतात.

मी घास हातात धरून बसले. हे झाड आधी साखर देतं आणि मागाहून तेल. मेंदूचंही काहीसं असंच असतं. म्हातारपणी त्याची साखरेची भूक मंदावते, पण उपाशी पोटी यकृत चरबीपासून जे इंधन बनवतं ते तो पहिल्यासारखंच घेतो. ते दार बंद होत नाही. म्हणून कुणी तेल पिऊ नये, त्यानं मेंदू तरुण होत नाही, फक्त पोट बिघडतं. पण दार उघडं असतं हे खरं आहे, आणि ते मला त्या अंगणात फार आवडलं. मी हे सगळं उत्साहानं सुकराबाईंच्या मुलाला, माणिकला सांगितलं. माणिक चाळिशीचा, गंभीर गडी. तो म्हणाला, "हव का," आणि कुऱ्हाडीला धार लावत राहिला.

मोह पहाटे पडतो. पूर्वी बायका अंधारातच निघायच्या, आता फटफटीत उजेड झाल्याशिवाय कुणी जात नाही. कारण वाघ. गावात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, 'तो' म्हणत. मागच्या हंगामात शेजारच्या गावची एक बाई फुलं वेचताना गेली होती. वाकून वेचणारं माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं माणिकनं सांगितलं. सांगताना त्यानं आईकडे बघितलं आणि आईनं दुसरीकडे बघितलं. त्यांचं हे भांडण जुनं होतं, हे कळायला प्राध्यापक असण्याची गरज नव्हती. आईनं या वर्षीपासून जंगलात येऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. तिचा कान कमी झाला होता आणि पाय हळू.

प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून लख्ख केलेली असते, त्या गोलात पिवळट फुलं पडलेली दिसतात. गावाच्या देवाला पहिलं फूल वाहून झालं होतं, म्हणून वेचायला मोकळीक होती. एकेका झाडाखाली एकेक बाई बसते, दुसरी दिसेल न दिसेल अशी. म्हणून तिथे एक रीत आहे. सगळ्यांत मोठी बाई पहिली हाक मारते, शेजारच्या झाडाखालचीचं नाव घेऊन. ती "ओऽ" म्हणते आणि पुढचीला हाक मारते. अशी हाक झाडांवरून फिरत परत पहिलीकडे येते. थोडा वेळ जातो, की पुन्हा निघते. कुणी ओ दिली नाही तर हाक तुटली. मग हातातलं टाकून सगळ्यांनी तिकडे धावायचं.

सुकराबाईंनी मला स्वतःच्या आणि शमीमच्या मधल्या झाडाखाली बसवलं. "हात फुलाकडे ठेवजो, कान इकडे. ओ दे, अन् शमीमबाईले हाक मार."

सुरुवातीला मी फार चोख काम केलं. ओ दिली, हाक मारली, माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो इथे कामी आला. ऊन पानांतून उतरत होतं. फुलं ओलसर, मांसल, बोटांना चिकटणारी. मग मी एक फूल तोंडात टाकलं. आणि माझ्या डोक्यात विचार आला की या फुलात साखर नेमकी कुठल्या कुठल्या जातीची असेल, पाकळीत ती पाण्याबरोबर कशी चढत असेल, आणि हे झाड इतका खर्च कुणासाठी करत असेल. अस्वलांसाठी? वटवाघळांसाठी? मी त्या विचारात पार बुडाले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

डोकं वर केलं तेव्हा माझ्याभोवती सगळं गाव होतं. काठ्या, एक वाजवायची थाळी, धापा टाकणारी शमीम एका पायात चप्पल असलेली, आणि सगळ्यांच्या पुढे माणिक, कुऱ्हाड उगारलेला. बायकांच्या टोपल्या मागे उलटून पडल्या होत्या. सुकराबाईंचा पदर काट्यांना लागून फाटला होता. आणि मी मध्ये बसलेले, तोंडात फूल.

"हाक मारली बाई तुमाले," माणिक कुऱ्हाड खाली करत म्हणाला. "दोनदा मारली."

कुणीतरी हसलं, मग सगळ्या हसल्या. शमीमनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच बसून रडली. माणिक हसला नाही. तो आईकडे वळला. "म्हनलं होतं ना माय, बुड्या मानसाईले जंगलात आनू नोको. उद्यापासून तूबी घरी बसजो. बस झालं."

 चूक माझी होती आणि शिक्षा त्यांना होत होती. आणि वर, केतकीला दिलेला माझा शब्द. हरवले तर तिचं खरं. झाडाखाली एका जागी बसून मी हरवले होते, यापेक्षा सोपा पुरावा कुठला?

दुपारी अंगणात मी माणिकला गाठलं. त्याला सांगितलं की एका वेळी दोन कामं सांभाळणारी जी जागा कपाळामागे असते, तिला वयानुसार शिधा कमी मिळतो. म्हणून मेंदू काटकसर करतो. एका गोष्टीला लागला की दुसरी चूल पेटवत नाही. तो बिघडलेला नसतो.

"मंग घरी राहाचं ना बाई," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, विनवल्यासारखं.

माझा पारा चढला. "घरी राहून काय होतं ठाऊक आहे? ती दुसरी चूल कायमची थंड होते. आणि ऐक, हाक मी चुकले. तुझी आई चुकली नाही. माझा दंड तिला का?"

"आज तुमी चुकल्या, उद्या थे चुकंल. मी कोनाकोनाच्या मांगं धावू?"

 उत्तर घराच्या आतून, भिंतीपलीकडून आलं. सुकराबाई बाहेर आल्या. फाटका पदर त्यांनी तसाच खोचला होता.

"सगळ्याईच्या मांगं," त्या म्हणाल्या. "हाक तुटली तं धावाचं असते, बाबू. घरी बसवाचं नसते. तू धावला ना आज? मंग झालं तं."

 माणिकचे डोळे भरले, हे मला दिसलं. त्याला आई नको होती असं नव्हतंच, त्याला ती जिवंत हवी होती. केतकीलाही तेच हवं असतं. पण ज्याला जिवंत ठेवायचं त्याला खोलीत ठेवायचं, हे कुठून आलं? सुकराबाईंच्या गावात जंगलाला कुंपण घालत नाहीत आणि म्हाताऱ्यांनाही घालत नाहीत. एकमेकींना हाक घालतात.

दुसऱ्या सकाळी सुकराबाई टोपली घेऊन निघाल्या. कुणी आडवं आलं नाही. माणिक कुऱ्हाड घेऊन त्यांच्या मागे चालला, इतकंच. मी वेशीपाशी रेंगाळले. मला परत बोलावतील असं वाटलं नव्हतं. सुकराबाई वळून म्हणाल्या, "काऊन उभी? तुह्या झाडाखाली कोन बसंल?"

जागा तीच दिली. फक्त एक बदल केला. माझं नाव त्यांनी दोनदा घ्यायचं, मधे थोडं थांबून. पहिली हाक डोक्यात शिरायला आणि दुसरी ओ द्यायला, असं त्या म्हणाल्या. आणि खरंच, पहिली हाक मला यायची ती दुरून, पाण्याखालून आल्यासारखी, आणि दुसरी थेट. त्या सकाळी हाक एकदाही तुटली नाही. एकदा तर शमीमच चुकली, नव्या शब्दकोड्याचा विचार करत बसली होती म्हणे. तिच्यासाठी धावताना मी सगळ्यांत पुढे होते. ही शेखी मी आणखी बरीच वर्षं मिरवणार आहे.

सावली, मग नदीपलीकडे

तिथून आम्ही दोघी सावली गावावरून गडचिरोलीला निघालो. सावलीच्या शिवारात कापलेल्या धानाची खुंटं दूरवर पसरली होती. वैनगंगेच्या पुलावर मी बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चैत्रातली नदी, वाळूच जास्त, मधून निळी धार. आमची कृष्णा पावसाळ्यात घरात शिरते म्हणून आम्हाला तिचा धाक असतो. ही दूरदूर पसरून निवांत पडली होती.

गडचिरोलीला उतरलो आणि शमीमची पिशवी बसमध्येच राहिली. तिच्यात तिचा चष्मा, गोळ्या आणि माझ्यासाठी बांधून घेतलेले मोहफुलांचे गोळे. बस पुढे निघाली होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या रिक्षात बसून बसच्या मागे लागलो आणि पुढच्या थांब्यावर तिला गाठलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, सावकास या ना, पडाल." शमीम म्हणाली, "पडू तं उठू." मग तिथेच रस्त्याकडेला बसून आम्ही गोळे खाल्ले आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

तेवढ्यात केतकीचा फोन आला. मला खोटं बोलता आलं असतं. शमीम खुणेनं तेच सांगत होती. पण मी झाडाखालचं सगळं सांगितलं, माणिकची कुऱ्हाड आणि माझ्या तोंडातलं फूल धरून.

 "बघितलंस ना आई," ती म्हणाली.

"बघितलं," मी म्हटलं. "तू अजून बघितलं नाहीयेस. आल्यावर सांगते."

सांगली

अक्षय तृतीयेला केतकी गाडी घेऊन आली. सोबत रिकाम्या बॅगा. मी तिला आधी जेवायला घातलं, पुरणपोळी आणि शेवटी राखून ठेवलेला एक मोहाचा गोळा. मग म्हटलं, "मी येत नाही."

"तू शब्द दिला होतास. हरवले तर तुझं खरं."

"हरवले नाही. हाक तुटली. दोन्हीत फरक आहे." आणि तिला सुकराबाईंची रीत सांगितली. रोज सकाळी तू फोनवरून मला हाक द्यायची. मी ओ देईन. एका हाकेला दिली नाही तर घाबरायचं नाही, दुसरी द्यायची. दुसरीलाही ओ आली नाही, तर काकूंना फोन कर. अक्रोडवाल्या. त्यांच्याकडे किल्ली आहे. आणि तू धावत ये.

केतकी एकदम उसळली. "हा काय खेळ आहे का ग? बाबांच्या वेळी मी धावतच आले होते. मला उशीर झाला होता. तुला आठवतंय का तरी?"

मला आठवतंय. ते मी कधीच विसरणार नाही, माझ्या मेंदूनं कितीही काटकसर केली तरी. ती दारात उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी तिला जवळ ओढलं. ती लहानपणी रडायची तशी, नाक दाबून रडली.

"तुला उशीर होईल या भीतीनं मी आत्तापासूनच संपून दाखवू का?" मी म्हटलं. "माझ्या चुली मंद झाल्यात, केतकी, विझलेल्या नाहीत. त्यांच्यावर अजून शिजतं. मला माझं घर हवंय, माझी स्कूटर हवीय, आणि तू हवीयेस. तिन्हींपैकी एकही सोडायला मी तयार नाही."

 दुसऱ्या दिवशी परत जाताना तिनं बॅगा रिकाम्याच गाडीत ठेवल्या. ती गेल्यावर फडताळापाशी गेले, तर तिथे स्कूटरची किल्ली होती.

पुढच्या सकाळी मी वर्तमानपत्रातल्या एका लेखावर चडफडत होते. कुणीतरी मेंदूच्या साखरेबद्दल अगदी चुकीचं लिहिलं होतं, आणि मी समासात दुरुस्त्या करत होते. कुठेतरी लांब काहीतरी वाजलं आणि थांबलं. मी दुरुस्ती पूर्ण केली. मग ते पुन्हा वाजलं, थेट.

"ओऽ," मी फोन उचलून म्हटलं.

 केतकी म्हणाली, "निघायला चप्पल घातली होती मी."

"मग काढ," मी म्हटलं. "मी कुठेही जात नाहीये."